धारवाडची वाट

टिळकवाडीसारख्या वस्तीत मधुमेहाची किंवा रक्तदाबाची चर्चा ओसरीवर बसून मोकळेपणाने होते. मनाचा आजार आला म्हणजे मात्र माजघराचे दार लोटून घेतले जाते. या लोटलेल्या दारालाही एक इतिहास आहे.

धारवाडास १८४५ मध्ये वेड्यांचे इस्पितळ निघाले. बेळगाव व धारवाड हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. रत्नागिरी, येरवडा, ठाणे येथील इस्पितळे मागाहून झाली. परंतु आपल्या भागाला जवळचे ते धारवाडच, आणि हे 'जवळ' म्हणजे सुमारे पाऊणशे किलोमीटर. १९१२ च्या कायद्याप्रमाणे रोग्यास आत घेण्यासाठी बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. ज्याने कोणाचा अपराध केला नाही असा मनुष्य कचेरीच्या वाटेने इस्पितळात जाई. मग शेजारीपाजारी कुजबुजले तर नवल कसले? बंगालमध्ये तर निरपराध मनोरुग्ण थेट तुरुंगात ठेवले जात. पत्रकार शीला बारसे यांनी दाद मागितल्यावर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाल बेकायदा ठरविली.

आणि इस्पितळात तरी जागा किती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा होत्या सुमारे १०,०००. म्हणजे ४०,००० लोकांमागे एक. इंग्लंडात ३०० लोकांमागे एक खाट होती. तेव्हा बहुतेक रोगी घरीच राहत, हे उघड आहे. प्रश्न होता तो त्या घराला साहाय्य कोण करणार, हा.

त्याचे पहिले उत्तर अमृतसरला मिळाले. तेथील इस्पितळाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रोग्याबरोबर त्याच्या नातलगांनाही राहावयास बोलाविले. ज्यांना अडचण समजत, तेच शुश्रूषा करू लागले. याच सुमारास, १९५२ मध्ये, पॅरिसला क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांवर उपयोगी पडल्याचे दिसून आले आणि घरी राहून उपचार घेणे शक्य कोटीत आले.

पुढचे पाऊल आपल्याच राज्यात पडले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १९८५ ते १९९० या काळात बळ्ळारी जिल्ह्यात, सुमारे १५ लाख वस्तीसाठी, एक प्रयोग केला. नवी इमारत बांधली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि घरोघर फिरणारे आरोग्यसेवक यांना शिकविले. रात्र रात्र जागून एकटाच बोलत बसतो तो कोण, कोणास फेफरे येते, हे सेवकाने हेरावे. डॉक्टरने मोजक्या औषधांनी उपचार करावेत. अवघड रोगी तेवढा जिल्ह्याच्या ठिकाणी जावा. इतका साधा बेत! केंद्र सरकारने १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम काढला, तो याच धर्तीवर.

सर्वत्र हे पोहोचले असते तर तामिळनाडूतील एरवाडीची २००१ ची आग इतकी भीषण ठरती ना. दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानात साखळीने बांधलेले पंचवीसांहून अधिक रोगी तीत जळून गेले. त्यांना तेथे नेणाऱ्या नातलगांना निर्दय म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. गावाजवळ औषध नसले म्हणजे माणूस नवसाकडे वळतो.

आता २०१७ चा कायदा आहे. उपचारासाठी कोणास दूरचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, असे त्याचे अठरावे कलम सांगते. धारवाडची वाट कायद्याने तरी आखूड केली. पण टिळकवाडी, निपाणी, खानापूर येथील मराठी घरांपुढे आणखी एक अंतर उरते, ते भाषेचे. पोटदुखी बोट ठेवून दाखविता येते; 'जीव लागत नाही', 'काळजात कालवाकालव होते' हे दुभाष्याकरवी डॉक्टरापर्यंत पोहोचता पोहोचता निम्मे होते. कन्नड घरांना महाराष्ट्रात, सोलापूर वा जतकडे, हीच अडचण येते. रोग्यास समजेल त्या भाषेत माहिती मिळण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात गेल्यावर तो मागावयास हरकत नाही.