कंबर वयानं वाकते, की पाण्यानंही?

कुही, मांढळ, वेलतूर, कुठंही जा. रोवणीत आयुष्य गेलेली बाई साठीत कंबर धरून चालताना दिसते. घरचे म्हणतात, "वय झालं आता." बरेचदा ते खरंही असतं. पाळी गेल्यावर बायांची हाडं झपाट्यानं झिजतात, ताटात दूध-दही नसतं, त्यात वाकून केलेलं काम. पण कंबरदुखीचा एक इतिहास पाण्याशी जोडलेला आहे, अन् त्याचा धागा आपल्या नागपुरात येतो.

१९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातले रुग्ण डॉक्टरांनी अभ्यासले. पाठीचा कणा ताठ, मान वळेना, कंबर वाकेना. कारण निघालं विहिरीचं पाणी. खडकातून पाण्यात उतरणारं फ्लोराइड वर्षानुवर्षं हाडात साठतं. हाड जाड होतं, पण ठिसूळ. सांधे आखडतात. खाण्यात कॅल्शियम कमी असेल तर त्रास आणखी वाढतो.

१९५८ मध्ये नागपुरात पाणी आणि सार्वजनिक आरोग्यावर काम करणारी केंद्रीय संस्था उभी राहिली. १९७४ पासून तिला आपण 'नीरी' म्हणतो. त्याच दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी चुना अन् तुरटी वापरून फ्लोराइड काढायची स्वस्त पद्धत बसवली. तेलंगणातल्या जिल्ह्यावरून तिचं नाव पडलं 'नालगोंडा पद्धत'. काम नागपूरचं, अन् तरी विदर्भातल्याच यवतमाळ, चंद्रपूरच्या गावांची फ्लोराइडनं पाठ सोडली नाही.

कुहीत तसंच आहे, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, तपासा. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिण्यालायक नाही. लहान पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर ती पहिली खूण समजा.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ बायांना पाणी तपासायचं शिकवायचं, किट द्यायची, असं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या ५ जणी कोण? किट वापरात आहे, की ग्रामपंचायतीच्या कपाटात? येत्या ग्रामसभेत विचारा अन् उत्तर इथं कॉमेंटमध्ये टाका.

आजीला डॉक्टरकडे न्याच. पण घरच्या बोअरचं पाणीही एकदा तपासायला द्या.