गुरू तिसरा, शिष्य पहिला

आपल्या स्मरणिकेत शिंदेशाहीवर लेख येतात, ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीवर येतात, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंवर तर जवळजवळ दरवर्षी येतो. खेळावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९५७ साली, राणीसाहेबांच्याच नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आपल्या ग्वाल्हेरात सुरू झाले. आज त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा आहे आणि देशभरचे क्रीडाशिक्षक तिथून शिकून बाहेर पडतात. सकाळी फिरायला त्या बाजूला जाणाऱ्या आपल्या मंडळींना धावणारी मुले दिसतात, पण मैदानात गोळा, थाळी किंवा हातोडा घेऊन उभ्या असलेल्या मुलांच्या मागे शिटी गळ्यात अडकवून जो गृहस्थ उभा असतो, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. यंदा आम्ही अशाच एका गृहस्थाविषयी लिहायचे ठरवले. ते ग्वाल्हेरचे नव्हेत, भारताचेही नव्हेत. ते युक्रेनचे. नाव अनातोली बोंदारचुक.

आधी हातोडाफेक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण नाव ऐकून सुताराचा हातोडा डोळ्यांपुढे येतो. पूर्वी स्कॉटलंड-आयर्लंडकडे खरोखरच लोहाराचा घण फेकत, त्यावरून नाव पडले. आता असतो तो धातूचा गोळा, त्याला जोडलेली तार आणि तारेच्या टोकाला मूठ. पुरुषांसाठी वजन ७.२६ किलो, लांबी सव्वा मीटरच्या आत. खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात पाठमोरा उभा राहतो, हातोडा डोक्यावरून फिरवतो, मग स्वतःही त्याच्याबरोबर तीन किंवा चार गिरक्या घेतो आणि सोडतो. भोवती जाळी असते, कारण हातोडा चुकीच्या क्षणी सुटला तर कोणाचाही जीव जाईल. आम्ही डिप्लोमाला शिकलेल्या सूत्राने हिशेब करून पाहिला. ऐंशी मीटरच्या पुढच्या फेकीत सुटण्याच्या क्षणी हातोड्याचा वेग सेकंदाला २९ मीटरच्या आसपास असतो आणि तेव्हा तो खेळाडूच्या हातांना ३०० किलोपेक्षा जास्त जोराने बाहेर ओढत असतो. म्हणजे चार धट्ट्याकट्ट्या माणसांना मुठीत धरून गरागरा फिरायचे, आणि तेही तोल न जाऊ देता. निव्वळ ताकदीचे हे काम नाही, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

बोंदारचुक यांचा जन्म १९४० चा, पश्चिम युक्रेनमधल्या स्तारोकोस्त्यांतिनिव्ह या गावचा. तेव्हा युक्रेन सोव्हिएत संघात होते. १९६९ साली त्यांनी अथेन्सला युरोपीय स्पर्धा जिंकताना ७४.६८ मीटरचा जागतिक विक्रम केला, आणि महिन्याभरातच तो मोडून ७५.४८ वर नेला. पंचाहत्तर मीटर ओलांडणारा जगातला पहिला माणूस. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ७५.५० मीटर फेकून त्यांनी सुवर्णपदक घेतले. याच म्युनिकला आपले प्रवीणकुमार थाळीफेकीत उतरले होते. होय, दूरदर्शनच्या 'महाभारत' मालिकेतले गदाधारी भीम, तेच. प्रवीणकुमार यांनी आशियाई स्पर्धांत १९६६ आणि १९७० ला थाळीफेकीचे सुवर्ण घेतले होते आणि हातोडाफेकीत १९६६ च्या किंग्स्टन राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. मालिका लागली की रस्ते ओस पडत, हे आमच्या पिढीने लहानपणी पाहिले. पण त्या भीमाच्या हातात गदेच्या आधी हातोडा होता, हे किती जणांना ठाऊक होते?

बोंदारचुक यांची खरी कारकीर्द इथून सुरू होते, असे आमचे मत आहे. खेळाडू म्हणून सर्वोच्च पदक मिळाल्यावर माणूस थांबतो किंवा आणखी एका पदकाच्या मागे लागतो. त्यांनी फेकणे सोडले नाही आणि शिकवायलाही घेतले. कीव्हमध्ये त्यांच्याकडे एक मुलगा आला, युरी सेदिख. वयाने पंधरा वर्षांनी लहान. तो कीव्हच्या शारीरिक शिक्षण संस्थेत शिकत होता. ही संस्था म्हणजे आपल्याकडच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयासारखीच एक. गुरू स्वतः ऑलिंपिक विजेता, अजून मैदानात उतरणारा, आणि शिष्य त्याच खेळात पुढे येणारा. दोघांचे ध्येय एकच आणि पदक एकच.

१९७६ साली माँट्रियलला दोघेही अंतिम फेरीत होते. एकवीस वर्षांच्या सेदिखने ७७.५२ मीटर फेकून सुवर्ण घेतले. रौप्य त्यांच्याच संघातल्या अलेक्सेई स्पिरिदोनोव्हला मिळाले. छत्तीस वर्षांचे बोंदारचुक तिसरे आले, आणि त्यांचे अंतर होते ७५.४८ मीटर. सात वर्षांपूर्वी हेच अंतर त्यांचा जागतिक विक्रम होते! म्हणजे गुरू कुठेही कमी पडले नव्हते. शिष्य पुढे गेला होता आणि त्याला पुढे नेणारे तेच होते. पदक देतानाच्या त्या चौथऱ्यावर शिष्य सर्वांत वरच्या पायरीवर आणि गुरू खालच्या पायरीवर.

शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडचे जुने वचन सांगते. वचन गोड आहे. पण आपणच प्रशिक्षकांसाठी १९८५ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला (त्याच्या पहिल्याच मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते) आणि त्याला नाव दिले द्रोणाचार्यांचे. अर्जुनाच्या पुढे कोणी जाऊ नये म्हणून एकलव्याचा अंगठा मागून घेणारे ते द्रोणाचार्य. त्यांच्या विद्येविषयी शंका नाही, पण हे नाव निवडताना त्या अंगठ्याची आठवण कोणालाच कशी झाली नाही, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. असो.

माँट्रियलनंतर सोव्हिएत हातोडाफेकीची सूत्रे बोंदारचुक यांच्या हाती आली आणि पुढची दहा वर्षे हा खेळ जवळजवळ त्यांच्याच अंगणात खेळला गेला. मे १९८० मधली एक स्पर्धा तर थक्क करणारी आहे. काळ्या समुद्राकाठच्या लेसेलिद्झे येथे सेदिखने ८०.३८ मीटर फेकून विक्रम केला. त्याच स्पर्धेत एस्टोनियाच्या युरी ताम्मने ८०.४६ फेकून तो मोडला. सेदिखने पुन्हा ८०.६४ फेकले. एका दिवसात, एका वर्तुळातून, जागतिक विक्रम तीनदा मोडला, आणि ताम्मही बोंदारचुक यांचाच शिष्य. त्याच वर्षी मॉस्को ऑलिंपिकमध्ये सेदिखने ८१.८० मीटरच्या नव्या विक्रमासह सुवर्ण राखले, सर्गेई लित्विनोव दुसरा आणि ताम्म तिसरा. ३० ऑगस्ट १९८६ ला स्टुटगार्टला सेदिखचा हातोडा ८६.७४ मीटरवर पडला. आज चाळीस वर्षे होत आली, तो विक्रम कोणी मोडलेला नाही.

हे कसे जमवले, हा आमच्या दृष्टीने या कारकिर्दीतला सर्वांत वाचनीय भाग आहे. सेदिख हा दांडगाईने फेकणारा नव्हता. लित्विनोव चार गिरक्या घेई, सेदिख तीनच घेई, आणि त्या तिन्हींत लय अशी की बघणाऱ्याला हे सोपे असावे असे वाटे. बोंदारचुक यांचा प्रश्न साधा होता. व्यायामशाळेत मुलगा जास्त वजन उचलू लागला, तर हातोडा लांब जातो का? त्यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, कोणता व्यायाम वाढला की फेक वाढते आणि कोणता वाढूनही काही होत नाही. निष्कर्ष असा की नवख्या मुलाला जवळजवळ प्रत्येक व्यायामाचा फायदा होतो, पण वरच्या पातळीवर पोचल्यावर नुसत्या उठाबशा आणि वजने हातोड्यापर्यंत पोचत नाहीत. तिथे हातोडाच फेकावा लागतो, कधी ठरलेल्या वजनापेक्षा जड, कधी हलका. दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलाचे शरीर सरावाला वेगवेगळ्या गतीने साथ देते. म्हणून ते एका मुलाला तोच तोच सराव रोज देत, फेक वाढत वाढत शिखरावर येईपर्यंत. शिखर आले की सराव बदलायचा आणि नव्याने सुरुवात. कोणाला शिखर गाठायला किती दिवस लागतात याची नोंद झाली की मोठ्या स्पर्धेच्या आधी नेमके किती दिवस सुरुवात करायची, हे ठरवता येई.

आपल्या लष्करच्या आखाड्यांत ज्यांनी जोर-बैठका मारल्या आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. हजार बैठका काढणारा पठ्ठ्या कुस्तीत चीत होतो आणि वस्ताद म्हणतात, अरे, तू बैठका जिंकलास. बोंदारचुक यांनी वस्तादांचे हे शहाणपण आकड्यांत मांडले, इतकेच. त्यांचे पुस्तक २००७ मध्ये इंग्रजीत आले आणि जगभरच्या प्रशिक्षकांनी ते वाचले.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. त्या काळातल्या फेकीच्या विक्रमांवर उत्तेजक द्रव्यांच्या संशयाची सावली आहे, सोव्हिएत आणि पूर्व जर्मन खेळाडूंवर तर विशेषच. सेदिखने आरोप फेटाळले आणि तो कधी चाचणीत सापडला नाही. पण ८६.७४ या आकड्याकडे लोक शंकेने पाहतात, हे खरे आहे. आम्ही निवाडा करायला बसलेलो नाही. मात्र या शंकेचा दुसरा पैलू बोंदारचुक यांच्या पुढच्या शिष्याच्या वाट्याला आला, तो पाहण्यासारखा आहे.

सोव्हिएत संघ मोडला, त्याबरोबर तिथली क्रीडाव्यवस्थाही मोडली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात साठी ओलांडलेले बोंदारचुक कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅम्लूप्स या लहानशा गावी गेले. सरकारी नोकरीत आम्ही या वयाला पेन्शनचे कागद गोळा करत असतो. तिथे त्यांना डिलन आर्मस्ट्राँग हा स्थानिक मुलगा मिळाला. तो आधी हातोडा फेकत असे, २००० च्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत त्यात रौप्यही मिळवले होते, पण पुढे गोळाफेकीकडे वळला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आर्मस्ट्राँगने २१.०४ मीटर गोळा फेकला. बेलारूसच्या आंद्रेई मिखनेविचने २१.०५ फेकला आणि कांस्यपदक नेले. एका सेंटिमीटरचा फरक! २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गोळाफेकीचे सुवर्ण याच आर्मस्ट्राँगने घेतले. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियात जागतिक स्पर्धेत रौप्य. मग जुने नमुने पुन्हा तपासताना २००५ च्या नमुन्यात मिखनेविच उत्तेजक घेतल्याचे आढळले, त्यानंतरचे त्याचे सारे निकाल रद्द झाले, आणि बीजिंगचे कांस्य २०१५ मध्ये आर्मस्ट्राँगच्या हाती आले. ज्या गुरूच्या जुन्या शिष्याकडे जग संशयाने पाहत होते, त्याच गुरूचा नवा शिष्य दुसऱ्याच्या लबाडीमुळे सात वर्षे पदकाविना राहिला. पदक उशिरा मिळते, पण भरलेल्या मैदानात त्या संध्याकाळी मिळायचा मान परत मिळत नाही. आम्हाला वाटते, उत्तेजकांवरच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा ही एका सेंटिमीटरची हकीकत मुलांना सांगावी.

ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकाला पदक देण्याची पद्धत नाही. निकालाच्या पाटीवर त्याचे नावही नसते. त्याची कारकीर्द शोधायची तर शिष्यांच्या आणि शिष्यांच्या शिष्यांच्या यादीत शोधावी लागते. अमेरिकेत हे काम विद्यापीठे आणि महाविद्यालये करतात. तिथे फेकीच्या खेळांसाठी वेगळा प्रशिक्षक नेमलेला असतो. कॅनडाचीच कॅमरिन रॉजर्स कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकायला गेली, तिथले फेकीचे प्रशिक्षक मो सातारा यांच्या हाताखाली वाढली आणि २०२४ मध्ये पॅरिसला महिलांच्या हातोडाफेकीत ऑलिंपिक विजेती झाली. सातारा हे नाव वाचून आपल्यापैकी काहींचे कान टवकारले असतील, पण त्यांचा आपल्या साताऱ्याशी संबंध नाही.

सेदिख पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाला आणि २०२१ मध्ये वारला. आर्मस्ट्राँगने गोळा खाली ठेवल्यावर कॅम्लूप्सलाच शिकवायला सुरुवात केली. त्याच्याकडे नानाइमोचा ईथन कॅट्झबर्ग हा उंच, काटकुळा मुलगा हातोडाफेक शिकायला आला. २०२३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो जगज्जेता झाला. माँट्रियलला सेदिख जितका होता तितक्याच वयाचा. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने ८४.१२ मीटर फेकून ऑलिंपिक सुवर्ण घेतले. सेदिखच्या विक्रमापासून तो अजून २.६२ मीटर मागे होता, पण दुसऱ्या क्रमांकाच्या हंगेरियन खेळाडूच्या चार मीटर पुढे. तिसरा आला मिखाइलो कोखान, युक्रेनचा.