विजय झोल

विजय हरी झोल (जन्म: २३ नोव्हेंबर १९९४, जालना, महाराष्ट्र) हा महाराष्ट्राकडून खेळलेला भारतीय क्रिकेट खेळाडू आहे. तो डावखुरा फलंदाज आहे. २०११ साली कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा केल्या. २०१२ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो सदस्य होता आणि २०१४ च्या त्याच विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. भारताच्या ज्येष्ठ संघात मात्र त्याला स्थान मिळाले नाही.

== पार्श्वभूमी ==

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. कुंडलिका नदीकाठचे जालना शहर बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांसाठी प्रसिद्ध आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण शहरात अजूनही ऐकू येते, ती व्यापारावरून, खेळावरून नव्हे. क्रिकेटच्या नकाशावर जालन्याचे नाव २०११ पूर्वी क्वचितच दिसे.

याचे कारण समजण्यासाठी राज्यातील क्रिकेटची रचना ध्यानात घ्यावी लागते. रणजी करंडकात महाराष्ट्र राज्यातून तीन संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा आणि कोकणाचा काही भाग यांतील खेळाडूंना ‘महाराष्ट्र’ संघाची वाट धरावी लागते आणि त्या संघाचा कारभार पुण्यातून चालतो. जालना ते पुणे हे अंतर रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर आहे. निवड चाचण्या, शिबिरे आणि सामने यांसाठी जिल्ह्यातील मुलाला वारंवार हा प्रवास करावा लागतो. पुण्याच्या मुलाला शाळा सुटल्यावर जे मैदान गाठता येते, ते जालन्याच्या मुलासाठी एका रात्रीच्या प्रवासाचे असते.

मराठवाड्याने यापूर्वी भारताला कसोटीपटू दिले नाहीत असे नाही. डिसेंबर २००१ मध्ये मोहाली येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत मराठवाड्यात जन्मलेल्या दोन खेळाडूंनी एकाच वेळी पदार्पण केले: औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) मध्यमगती गोलंदाज इक्बाल सिद्दीकी आणि बीडचा संजय बांगर. सिद्दीकीची ती एकमेव कसोटी ठरली. बांगर देशांतर्गत क्रिकेट खेळला तो रेल्वेकडून, महाराष्ट्राकडून नव्हे. झोलच्या पिढीत मराठवाड्यातून महाराष्ट्र संघात स्थिरावलेला दुसरा फलंदाज म्हणजे पैठणचा अंकित बावणे.

== नाबाद ४५१ ==

कूचबिहार करंडक ही स्पर्धा १९४५-४६ साली शालेय खेळाडूंसाठी सुरू झाली आणि १९८७-८८ पासून ती एकोणीस वर्षांखालील आंतरराज्य स्पर्धा म्हणून खेळवली जाते. पुढे भारताकडून खेळलेले बहुतेक फलंदाज या स्पर्धेतून गेलेले आहेत. स्पर्धेतील सर्वाधिक सांगितली जाणारी खेळी डिसेंबर १९९९ मधील आहे. जमशेदपूरच्या अंतिम सामन्यात बिहारने सर्वबाद ३५७ धावा केल्या आणि पंजाबच्या युवराजसिंगने एकट्यानेच ३५८ केल्या. बिहारच्या त्या संघात महेंद्रसिंग धोनी होता, त्यामुळे ती गोष्ट पुढे चित्रपटातही आली.

झोलची खेळी या खेळीपेक्षा ९३ धावांनी मोठी आहे. २०११-१२ च्या हंगामात आसामविरुद्ध त्याने ४६७ चेंडूंत नाबाद ४५१ धावा केल्या. त्या वेळी त्याने वयाची सतरा वर्षेही पूर्ण केली नव्हती. शंभर चेंडूंमागे सुमारे ९७ धावा हा वेग एकदिवसीय सामन्यातही उत्तम मानला जाईल. येथे तो साडेचारशे धावा होईपर्यंत टिकून राहिला. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकच्या प्रखर चतुर्वेदीने मुंबईविरुद्ध अंतिम सामन्यात नाबाद ४०४ धावा करून युवराजचा अंतिम सामन्यातील विक्रम मोडला, तेव्हाही संपूर्ण स्पर्धेतील सर्वोच्च खेळी म्हणून झोलच्याच ४५१ धावांचा उल्लेख झाला.

महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये या आकड्याला आणखी एक संदर्भ आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या होत्या. डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये सिडनी येथे केलेला नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम दहा धावांत मोडणार होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असताना काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला आणि निंबाळकर नाबादच राहिले. रणजी करंडकातील ती आजही सर्वोच्च वैयक्तिक खेळी आहे. निंबाळकर यांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही.

झोलचा आकडा निंबाळकरांपेक्षा आठने अधिक आणि ब्रॅडमन यांच्यापेक्षा एकाने कमी आहे. तथापि या तिन्ही खेळी एका रांगेत मांडणे योग्य नाही. कूचबिहार करंडकाचे सामने प्रथम श्रेणीचे नाहीत आणि तेथील गोलंदाजही सोळा ते अठरा वर्षांची मुलेच असतात. वर्तमानपत्रांतून आकड्यांची तुलना होते, तेव्हा हा भेद बहुधा सांगितला जात नाही.

== एकोणीस वर्षांखालील भारतीय संघ ==

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या विश्वचषकासाठी झोलची निवड झाली. उन्मुक्त चंद कर्णधार असलेल्या या संघाने २६ ऑगस्ट रोजी टाउन्सव्हिल येथे अंतिम सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला सहा गडी राखून हरवले. २२६ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ९७ झाली होती. चंद (नाबाद १११) आणि स्मित पटेल (नाबाद ६२) यांच्या १३० धावांच्या अखंड भागीदारीने सामना जिंकून दिला. भारताचे या गटातील हे तिसरे जगज्जेतेपद होते.

या संघातील बहुतेक खेळाडू वयोमर्यादा ओलांडून गेले. झोल १९९४ च्या अखेरीस जन्मलेला असल्यामुळे पुढच्या विश्वचषकालाही पात्र होता. साहजिकच २०१३ पासून कर्णधारपद त्याच्याकडे आले. त्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे झालेली तिरंगी मालिका जिंकली.

४ जानेवारी २०१४ रोजी शारजा येथे एकोणीस वर्षांखालील आशिया चषकाचा अंतिम सामना पाकिस्तानविरुद्ध झाला. कर्णधार झोल आणि उपकर्णधार संजू सॅमसन या दोघांनीही बरोबर शंभर धावा केल्या. भारताच्या ८ बाद ३१४ धावांपुढे पाकिस्तानचा डाव ९ बाद २७४ पर्यंत पोहोचला आणि भारताने ४० धावांनी विजय मिळवला.

=== २०१४ चा विश्वचषक ===

फेब्रुवारी २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या विश्वचषकात भारत गतविजेता म्हणून उतरला. झोलच्या हाताखालचा हा संघ आज पाहिला तर थक्क व्हावे असा आहे: संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, सर्फराज खान, कुलदीप यादव, दीपक हुडा, आवेश खान. गटातील तिन्ही सामने भारताने जिंकले. पहिल्याच सामन्यात पाकिस्तानला पुन्हा ४० धावांनी हरवले आणि स्कॉटलंडविरुद्ध कुलदीपने हॅट्ट्रिक घेतली.

२२ फेब्रुवारी रोजी दुबई येथे उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडशी गाठ पडली. भारताचे आघाडीचे फलंदाज झटपट बाद झाले. हुडा (६८) आणि झोल (४८) यांनी डाव सावरला व भारताने ८ बाद २२१ धावांपर्यंत मजल मारली. इंग्लंडने शेवटच्या षटकात तीन गडी राखून हे लक्ष्य गाठले. बेन डकेटने त्यांच्याकडून सर्वाधिक ६१ धावा केल्या. स्पर्धा पुढे दक्षिण आफ्रिकेने जिंकली.

या पराभवाचे माप झोलच्या पदरात इतरांपेक्षा अधिक पडले असे म्हणता येईल. बाद फेरीत एक दिवस वाईट गेला की परतीचा मार्ग नसतो. उन्मुक्त चंदच्या संघाचेही अंतिम सामन्यात ९७ धावांवर चार गडी गेले होते. तो संघ सावरला आणि जगज्जेता म्हणून लक्षात राहिला. झोलच्या संघाचे नाव आज निघते ते बहुधा त्यातील इतरांच्या पुढील यशामुळे.

== महाराष्ट्राकडून ==

२०१३-१४ हा झोलचा रणजी करंडकातील पहिला आणि सर्वांत लक्षणीय हंगाम. त्रिपुराविरुद्धच्या पदार्पणाच्या सामन्यातच त्याने द्विशतक झळकावले.

याच हंगामातील उपांत्यपूर्व सामना महाराष्ट्राच्या क्रिकेट रसिकांच्या विशेष स्मरणात आहे. शारजातील अंतिम सामन्यानंतर चारच दिवसांनी, ८ जानेवारी २०१४ रोजी, मुंबईत वानखेडे मैदानावर महाराष्ट्राची लढत तोवर चाळीस वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईशी सुरू झाली. मुंबईचा कर्णधार झहीर खान होता. मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या आणि महाराष्ट्राचा डाव २८० धावांत आटोपला. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो. म्हणजे १२२ धावांच्या पिछाडीनंतर महाराष्ट्रापुढे निर्विवाद विजयाशिवाय पर्याय उरला नव्हता.

दुसऱ्या डावात महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ धावांत गुंडाळले. विजयासाठी २५२ धावा हव्या होत्या. दोन गडी ३६ धावांत बाद झाल्यावर केदार जाधव आणि झोल एकत्र आले, आणि त्यानंतर मुंबईला एकही बळी मिळाला नाही. जाधव १२० आणि झोल ९१ धावांवर नाबाद राहिले. दोघांनी २१६ धावांची अखंड भागीदारी केली. महाराष्ट्राने आठ गडी राखून सामना जिंकला.

नव्वदीत नाबाद राहिलेल्या डावाची नोंद शतकांच्या यादीत होत नाही. तरीही जाणकारांनी झोलच्या कारकिर्दीतील खेळींमध्ये ही खेळी ४५१ च्या वर ठेवली तर ते अयोग्य ठरू नये. समोर ज्येष्ठ गोलंदाज, सामना चौथ्या डावातील, मैदान प्रतिस्पर्ध्याचे आणि फलंदाजाचे वय एकोणीस.

उपांत्य फेरीत इंदूर येथे बंगालला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने १९९२-९३ नंतर प्रथमच अंतिम फेरी गाठली. हैदराबाद येथील अंतिम सामना कर्नाटकने सात गडी राखून जिंकला. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे दोनदा हे विजेतेपद मिळवले होते, त्याची पुनरावृत्ती या खेपेसही झाली नाही. केदार जाधवने त्या हंगामात १,२२३ धावा केल्या आणि त्याच वर्षी तो भारतीय संघात गेला.

झोलला पुढील हंगामांत हे सातत्य राखता आले नाही. संघातील त्याचे स्थान अस्थिर होत गेले आणि भारतीय संघाच्या निवडीच्या चर्चेतून त्याचे नाव हळूहळू मागे पडले.

== इंडियन प्रीमियर लीग ==

२०१४ च्या लिलावात रॉयल चॅलेंजर्स बंगळूर संघाने झोलला करारबद्ध केले. त्या संघात ख्रिस गेल, विराट कोहली आणि ए. बी. डिव्हिलियर्स होते. त्या वर्षी लिलावात सर्वाधिक बोली लागलेला युवराजसिंगही तेथेच होता. त्यामुळे कूचबिहार करंडकातील ३५८ आणि ४५१ या दोन्ही खेळींचे धनी एकाच संघात आले. अशा फळीत एकोणीस वर्षांच्या फलंदाजाला संधी मिळणे कठीणच होते.

== समकालीन खेळाडू ==

२०१४ च्या विश्वचषक संघातील सहकाऱ्यांपैकी संजू सॅमसनने जुलै २०१५ मध्ये, कुलदीप यादव आणि श्रेयस अय्यर यांनी २०१७ मध्ये, दीपक हुडा व आवेश खान यांनी २०२२ मध्ये आणि सर्फराज खानने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताकडून आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. पहिला आणि शेवटचा यांच्यात जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर आहे.

विश्वचषकातील एकोणीस वर्षांखालील कर्णधारांचा इतिहासही संमिश्र आहे. २००० ते २०१८ या काळातील दहा कर्णधारांपैकी मोहम्मद कैफ, पार्थिव पटेल, अंबाती रायुडू, विराट कोहली, इशान किशन आणि पृथ्वी शॉ हे सहा जण भारताकडून खेळले. रविकांत शुक्ला, अशोक मेनारिया, उन्मुक्त चंद आणि विजय झोल या चौघांना ती संधी मिळाली नाही. यांपैकी चंदने चषक जिंकला होता, तर शुक्लाचा संघ २००६ साली अंतिम सामन्यात हरला होता. म्हणजे चषक जिंकला अथवा हुकला, यावरून पुढची वाटचाल ठरते असे दिसत नाही. चंदने २०२१ मध्ये भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घेतली आणि तो खेळण्यासाठी अमेरिकेस गेला.

लहान वयातील प्रचंड धावसंख्येमुळे अपेक्षांचा भार येण्याचे आणखी एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने शालेय सामन्यात नाबाद १,००९ धावा केल्या आणि इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. त्यानंतर तो खेळायला उतरला की त्याच्याकडून त्याच तोडीच्या धावांची अपेक्षा होऊ लागली. झोलच्या बाबतीत असा आकडा पुढे आल्यानंतरही त्याने कर्णधारपद, आशिया चषकातील शतक आणि वानखेडेवरील नाबाद ९१ धावा मिळवल्या, ही बाब त्याच्याविषयीच्या लेखनात अनेकदा निसटते.