उपकारस्तुतीची मराठी वाणी

हैदराबादच्या बेगम बाजारात घाऊक व्यापार चालतो. तेथे मसाला असो, सुका मेवा असो वा भांडी असोत, मोबदल्यावाचून कोणी काही देत नाही; आणि पेठेचा न्याय तसाच असावयाचा. मात्र हाच न्याय आपण पुष्कळदा नकळत देवळाच्या दारापर्यंत नेतो. अमुक घडले तर तमुक वाहीन, असा नवस बोलतो आणि इच्छा पुरली म्हणजे तो फेडतो. भक्तिमार्गाने या देवघेवीच्या पलीकडची वाट दाखविली. मांजरी पिलाला स्वतःच उचलून नेते, पिलाने केवळ निश्चिंत राहावे, हा श्रीवैष्णवांचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे.

ख्रिस्ती उपासनेच्या मुळाशीही याच्या जवळचा विचार आढळतो. देवाची कृपा माणसाच्या पुण्याईची वाट पाहत नाही. तारण हे दान आहे. आणि उपासना म्हणजे त्या दानाची किंमत नसून त्याला दिलेले कृतज्ञ उत्तर होय. ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणविधीस जे प्राचीन ग्रीक नाव आहे, त्याचा मूळ अर्थच उपकार मानणे असा आहे. मराठी ख्रिस्ती लोक यासच ‘उपकारस्तुती’ म्हणतात.

ही उपकारस्तुती आपल्या भाषेत प्रथम मोठ्या प्रमाणावर अवतरली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणात. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे पुढील आयुष्य बव्हंशी साष्टीत गेले. १६१६ साली रायतूर येथे त्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. भाषा मराठी, परंतु कोकणी शब्दांचा संस्कार जागोजागी दिसतो. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. एका परक्या धर्मोपदेशकाने आपल्या दोन्ही भाषांवर केलेले हे उपकार मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत.

तथापि या ओव्यांमागील काळ विसरून चालणार नाही. १५६० नंतरच्या दशकात भाविकांना श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास न्यावी लागली. साष्टीतील देवळे पाडली गेली. क्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथाचा जन्म या रिकाम्या झालेल्या जागेतून झाला आहे. येथे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. उपासना जर कृपेचे कृतज्ञ उत्तर असेल, तर ते सक्तीने कसे घेता येईल? धाकाने वदविलेले आभार हे आभारच नव्हेत. पोर्तुगीज सत्तेने केलेला अन्याय या कसोटीवर ख्रिस्ती तत्त्वाच्याच विरुद्ध ठरतो.

सक्ती नसता हे उत्तर कसे उमटते, याचे उदाहरण तीन शतकांनंतर महाराष्ट्रात सापडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन यांना मानाचे स्थान मिळवून दिले. १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा होती.

या स्वेच्छेची झळ मात्र घरास लागली. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त ही कथा निर्मळपणे आली आहे. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

रायतूरचे पुराण आणि टिळकांचे अभंग एकाच मराठीत असले, तरी त्यांच्यामागील इतिहास सारखा नाही. पहिल्याचा गौरव करताना मंगेशाच्या पालखीचा तो प्रवास स्मरावा, आणि दुसऱ्याचे गुण गाताना एका गृहिणीचे अश्रू स्मरावेत. आपल्या देवळात आपण हात जोडतो तेव्हा काही मागण्यासाठी जोडतो की मिळालेले आठवून, एवढे या निमित्ताने प्रत्येकाने स्वतःस विचारले तरी पुरे आहे.