जामखेडच्या बायांचं देणं

दिंद्रुडात आज एखादीचे दिवस भरले की घरातून पहिला फोन आशाताईला जातो. ही रीत सरकारी कागदातून आली, असं पुष्कळांना वाटतं. मी अंगणवाडी सेविका म्हणून अर्धं आयुष्य काढलं. या रीतीचं एक मोठं मूळ पाटोदा-आष्टीच्या पलीकडं, जामखेडात आहे. ज्या बायांनी तिथं हे काम उभं केलं, त्यांचे आभार आपण बीडकरांनी कधी नीट मानलेच नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघं शिकले आणि नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात राबले. बरी होऊन गेलेली माणसं तीच दुखणी घेऊन परत येतात, हे त्यांनी तिथं पाहिलं. हगवण, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू. यातलं बहुतेक गावातच टाळता येण्यासारखं होतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते १९७० साली जामखेडला आले. जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशननं त्यांना पाठबळ दिलं. उपचार मात्र जात-धर्म न विचारता सगळ्यांना होते.

लगेच बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या आयांनी खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, सुकडीवर लेकरं जगवली, तो काळ. जामखेडच्या आसपासच्या गावांत तेव्हा लहान लेकरांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले. विंधन विहिरी घेतल्या गेल्या आणि आरोळ्यांनी एक गोष्ट ठरवून केली: पाणी दलित वस्तीत शोधायचं. बोअर तिथं लागला की साऱ्या गावाला पाण्यासाठी त्याच वस्तीत यावं लागायचं. आपल्या मराठवाड्यात हापसा पोचवण्यातही मिशनचा हात मोठा आहे. जालन्याच्या मिशनमध्ये ‘जालना पंप’ घडला, त्यात सुधारणा होऊन ‘सोलापूर पंप’ आला आणि त्यावरून पुढं देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. दिंद्रुडच्या ज्या हापशावर आम्ही घागरी भरल्या, त्याची वंशावळ ही अशी आहे.

गावागावांत आरोग्य न्यायचं तर माणूस कोण, हा प्रश्न होता. आधी शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. पण बाहेरगावच्या तरण्या पोरीला एकटीनं गावात राहणं अवघड, आणि गावच्या सासवा तिचं ऐकणार कशाला? मग गावच्याच एका बाईला शिकवा, असं गावकऱ्यांकडूनच पुढं आलं. गावांनी बाया निवडल्या. बहुतेक मध्यम वयाच्या, अक्षरओळख नसलेल्या. कुणी दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, शेजारी शेजारी झोपायच्या. सुरुवातीला त्यांच्यात शिवाशिव होती. शिकता शिकता ती गळून पडली.

सेविकांच्या एका प्रशिक्षणाला मी जामखेडला गेले होते. तिथं एका म्हाताऱ्या कार्यकर्तीनं आम्हाला हगवणीचं पाणी करून दाखवलं. एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. प्रत्येक चमचा तिनं बोटानं सपाट केला, पाणी ढवळलं, आधी स्वतः चाखलं आणि मग म्हणाली, “आसवापरीस खारट लागलं तर वतून द्या.” आम्ही वह्यांत लिहून घेत होतो. तिच्याकडं वही नव्हती, पण आधी हात धुणं, भांडं झाकणं, आईला शेजारी बसवून तिच्याच हातून चमचा-चमचा पाजणं, यातली एकही पायरी तिनं चुकवली नाही. बाळाचा दंड मोजणं, बाळंतपणाला नवं पातं आणि स्वच्छ दोरा, अंगावरचा बधिर चट्टा ओळखणं, क्षयाच्या रोग्याची गोळी चुकू न देणं, असं सगळं या बायांनी अंगी मुरवलं होतं.

पोटासाठी त्यांना शेतमजुरी, शेळ्या, बारकासा धंदा असं काहीतरी करावंच लागे. आरोग्याचं काम त्या त्यातून वेळ काढून करत. फळ काय मिळालं ते आकडा सांगतो. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. पुढच्या पंधरा वर्षांत हा आकडा पन्नासच्या खाली आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडला जागा मिळाली, १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत जगानं प्राथमिक आरोग्याचा मार्ग स्वीकारला, १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ या कार्यकर्तीनं १९८८ साली वॉशिंग्टनच्या सभेत डॉक्टरांना महागड्या झुंबराची आणि स्वतःला एका दिव्यावरून दुसरा लावता येणाऱ्या पणतीची उपमा दिली. २००५ साली देशात आशा योजना सुरू झाली, तिच्यामागच्या अनुभवांत जामखेडचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडं बाईचे आभार मानायची जुनी पद्धत म्हणजे खणानारळानं ओटी. विधवेला ती नाही, आणि दलित बाईला उंबऱ्याच्या आत बोलावून तर कोण भरणार? म्हणजे जिनं गावाची लेकरं जगवली, तिच्याच वाट्याला गावाचा हा मान येत नव्हता. ज्या दिवशी तिच्या घरचं पाणी गाव प्यालं, ज्या दिवशी पाटलाच्या सुनेनं बाळंतपणाला तिला आत बोलावलं, तोच तिचा सत्कार समजायचा.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते. दिंद्रुडच्या आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आशाताई, अंगणवाडीताई आणि जुन्या सुईणींची नावं घेऊन आभाराचा ठराव करावा. त्यात विधवा ताईला आधी पुढं बोलवावं. तिचं मानधन थकलं असेल तर त्याच ठरावात ते वेळेवर द्या अशी मागणी लिहावी. आणि आपल्या घरी ती आली, तर तिला दारात उभी ठेवू नये. आत बसवून पाणी द्यावं.