सभासद होऊन काय मिळते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ रात्री नवाच्या सुमारास घरी आले. त्यांची मुलगी लहानपणी माझ्या वर्गात होती. आता ती शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकते. खुर्चीच्या कडेवर बसत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"पोरीला पत्र आलं, सर. हुशार पोरांचं कोणतं तरी मंडळ आहे म्हणते. तिला सभासद करून घेतात. पण पंचाण्णव डॉलर भरा म्हणतात. आठ हजारांच्या वर होतात. भरावे का नाही, तुम्हीच सांगा ना जी."

मी मॅट्रिक. एका लहानशा खाजगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी मी कधी चढलो नाही. अशा माणसाने कॉलेजातल्या मानाच्या मंडळाविषयी सल्ला द्यावा, हीच एक गंमत. पण सद्गृहस्थ विश्वासाने आले होते. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुलीचाच फोन आला. तिने एकच प्रश्न विचारला, "सर, सभासद होऊन मिळतं काय?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर शोधताना मात्र मला पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागले.

आधी ही मंडळे आली कोठून ते पाहू. अमेरिकेने 4 जुलै 1776 रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, 5 डिसेंबर रोजी, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातील पाच विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' नावाचे मंडळ काढले. ही तीन ग्रीक अक्षरे म्हणजे एका वचनाची आद्याक्षरे. ज्ञानाची आवड हीच जीवनाची वाटाड्या, असा त्याचा आशय. आरंभी सारा कारभार गुप्त असे. एकत्र जमावे, वादविवाद करावे, आणि आतले बोलणे बाहेर जाऊ देऊ नये, अशी रीत होती. 1831 साली ही गुप्तता सोडून दिली गेली. स्त्रियांना मात्र 1875 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने प्रथम त्यांना दार उघडले. ज्ञान हे जीवनाचे वाटाडे खरे, पण अर्ध्या माणसांना त्या वाटेवर यायला नव्याण्णव वर्षे लागली!

पुढे या धर्तीवर अनेक मंडळे निघाली. गुणांच्या चाळणीतून वरचे विद्यार्थी निवडायचे, त्यांना प्रमाणपत्र द्यायचे, बिल्ला द्यायचा, पदवीदानाच्या दिवशी गळ्यात घालायला रंगीत गोफ द्यायचा. त्याचे लाभही आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. काही मंडळे शिष्यवृत्त्या देतात. अर्जात एक ओळ वाढते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या काही नोकऱ्यांत मान्यताप्राप्त मंडळाचे सभासदत्व उत्तम गुणांच्या बरोबरीचे धरतात आणि नवख्या पदवीधराला आरंभीच वरची श्रेणी मिळू शकते. पण जेथे मान आहे तेथे मानाचे दुकानही आलेच. केवळ वर्गणी गोळा करण्यासाठी भारदस्त नावे घेऊन बसलेली मंडळेही आहेत. म्हणूनच खऱ्याखोट्याची निवड करणारी एक संघटना तेथे 1925 साली स्थापन करावी लागली.

एवढे वाचून झाल्यावर मनात आले, आपल्याकडे असे काही होते की नाही?

होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1848 साली प्राध्यापक पॅटन यांच्या प्रेरणेने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. आजी-माजी विद्यार्थी आणि तरुण शिक्षक तिचे सभासद. जमावे, निबंध वाचावे, त्यावर चर्चा करावी, असा तिचा साधा क्रम. तिच्याच मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते, आणि तिच्याच प्रेरणेने 1850 साली 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली. त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले 1862 साली. रानडे आणि भांडारकर त्यांतले. म्हणजे ही सोसायटी निघाली तेव्हा पदवी नावाची वस्तूच या भागात नव्हती. पदवीच नाही, तर पदवीदान कोठले आणि गोफ तरी कोठला? सभासदत्वाची ओळ जोडायला अर्जच नव्हता!

मग या तरुणांना मिळाले काय?

1849 साली सोसायटीच्या एका सभेत बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंध संपल्यावर टाळ्या वाजवून घरी जाता आले असते. जगातल्या निम्म्या मंडळांत तेच होते. पण प्राध्यापक पॅटन यांनी सभासदांना विचारापाशी न थांबता काही करून दाखवण्याचे आवाहन केले. मुलींना फुकट शिकवण्यासाठी आपली सकाळ द्यायला तरुण पुढे आले. शिकवायला माणसे मिळाली, पण शिकायला मुली कोठून आणाव्यात?

त्या तरुणांत एक होते दादाभाई नौरोजी. वय चोवीस. उतारवयात त्यांनी आपल्या तरुणपणाच्या आठवणी सांगितल्या आहेत. आपल्या मुलींना वाचायला शिकवू द्या, अशी बापांची मनधरणी करीत ही मंडळी घरोघर हिंडत. मुलीला शिकवणार म्हणताच काही बाप इतके संतापत, की जिन्यावरून ढकलून द्यायचेच काय ते बाकी राही. ही त्यांच्या सभासदत्वाची मिळकत! दादाभाईंची आई माणेकबाई स्वतः निरक्षर. पण या कामात ती लोकांच्या रोषाची पर्वा न करता मुलाच्या पाठीशी उभी राहिली, हेही त्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे.

ऑक्टोबर 1849 मध्ये वर्ग सुरू झाले. चव्वेचाळीस पारशी मुली आणि चोवीस हिंदू मुली. एकूण अडुसष्ट. पुढे जगन्नाथ शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली, पारशी धनिकांनी खर्चाचा भार उचलला. डॉ. भाऊ दाजी लाड, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखी माणसे या सोसायटीच्या अध्यक्षपदी बसली. दादाभाई स्वतः 1892 साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. पण त्या सकाळी त्यांच्यापुढे पार्लमेंट नव्हते. पुढे होती पाटी, आणि पाटीवर बोट फिरवणारी मुलगी.

हे त्यांनी का केले, याचे कारणही त्यांनी सांगून ठेवले आहे. त्यांचे शिक्षण फुकट झाले होते. ते लोकांच्या पैशातून झाले, म्हणून आपल्यातले जे उत्तम असेल ते लोकांना परत द्यायचे, असा विचार त्यांच्या मनात रुजला. आपल्याला निवडले, म्हणजे आपल्यावर ऋण चढले, असा त्यांनी अर्थ लावला.

या सोसायटीची थोरवी सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. तिची स्थापना झाली त्याच 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. सावित्रीबाई कोणत्याही कॉलेजच्या चाळणीतून उतरल्या नव्हत्या. तेव्हा मंडळात नाव असल्याशिवाय काम होत नाही, असे नाही. मात्र काम नसताना नाव असू शकते. हे मी अनुभवाने सांगतो.

विशीत असताना मी एका साहित्यसंस्थेचा सभासद झालो होतो. वर्गणी भरली, वार्षिक अहवालात नाव छापून आले. ते पान मी कापून वहीत चिकटवले, चार जणांना दाखवले. संस्थेच्या वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे घालायला माणसे हवी आहेत, असे एकदा पत्र आले. मी गेलो नाही. ते कात्रण अजून आहे. परवा वही काढून पाहिली. कागद पिवळा पडला आहे, आणि त्यावरच्या नावाशी माझी फारशी ओळख राहिलेली नाही.

हे सारे मी त्या मुलीला फोनवर सांगितले, कात्रणासकट. भर किंवा भरू नकोस, असे म्हणालो नाही. दोन चौकश्या मात्र करायला सांगितल्या. हे मंडळ तुझ्याच कॉलेजातली माणसे चालवतात, की दुरून कोणी पत्रे धाडतो? आणि सभासद झाल्यावर ते तुझ्याकडून काय मागते?

चार दिवसांनी तिचे उत्तर आले. मंडळ कॉलेजातले आहे. प्राध्यापक निवड करतात. सभासदांनी दर शनिवारी जवळच्या वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायचे असते. शेवटी तिने लिहिले होते, "सर, शनिवारी माझी कँटीनमधली पाळी असते. ती सोडली तर पैसे कमी पडतील. विचार करते आहे."

ते वाचून मला बरे वाटले. आठ हजारांचा प्रश्न आता शनिवारांचा झाला होता.

संध्याकाळी तिचे वडील चौकात भेटले. "मग काय ठरवलं, सर? भरू का जी?"

"थांबा जरा," मी म्हटले. "ती आपले शनिवार मोजते आहे."

त्यांना ते कितपत कळले कोण जाणे. पण त्यांनी मान डोलावली आणि मोबाइल खिशात ठेवला.