कॉफीशॉपच्या चार भिंती

मादक पदार्थ विकणाऱ्या दुकानाची अंतर्रचना ही दुकानदाराच्या अभिरुचीची आणि नफ्याच्या हिशेबाची बाब होय, असा सामान्य समज आहे; परंतु अॅमस्टरडॅममधील गांजाविक्रीच्या कॉफीशॉपांचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास पाहिला, तर त्या दुकानांना घडविण्यात कायद्याचा हात व्यापाऱ्याच्या हाताइतकाच प्रबळ होता आणि गिऱ्हाइकाचे वर्तनही त्या घडणीला अनुसरून पालटत गेले, असे दिसून येते.

१९७२ साली वेर्नार्ड ब्रुइनिंग व त्याच्या मित्रांनी एका रिकाम्या बेकरीच्या जागेत ‘मेलो यलो’ नावाचे चहागृह थाटले, तेव्हा गांजाची विक्री पूर्णपणे बेकायदेशीर होती; म्हणून विक्रेता गल्ल्यामागे न बसता गिऱ्हाइकांच्याच बाजूस, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा बसे, आणि पुड्या आधीच बांधून तयार ठेवलेल्या असत. ही युक्ती पोलिसांच्या भयातून निघाली खरी, पण तिचा परिणाम त्या भयापलीकडे गेला. रस्त्याच्या कोपऱ्यावर घाईघाईने व सावधपणे उरकला जाणारा व्यवहार येथे चहाच्या पेल्याशेजारी आणि संगीताच्या साथीने होऊ लागला, आणि खरेदीदारास बसण्याची, बोलण्याची, रेंगाळण्याची मुभा मिळाली.

त्याच वर्षी डच सरकारने नेमलेल्या बान समितीने अमली पदार्थांची प्रतवारी त्यांच्या धोक्यानुसार करावी, अशी शिफारस केली, आणि १९७६ च्या दुरुस्तीने अफूविषयक कायद्यात हा भेद अधिकृतपणे दाखल झाला. गांजा व चरस यांच्या गिऱ्हाइकाला हेरॉइनच्या विक्रेत्याच्या उंबऱ्यावर जावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे दोन बाजारपेठांमधील भिंत सरकारला हवीच होती, आणि ती भिंत कॉफीशॉपच्या रूपाने आयतीच उभी राहिलेली होती. १९७५ साली हेंक द फ्रीस याने काढलेल्या ‘बुलडॉग’ या कॉफीशॉपने तर १९८५ मध्ये लाइडसेप्लाइन चौकातील जुन्या पोलीसचौकीतच आपली शाखा उघडली. जेथे पूर्वी आरोपी म्हणून जावे लागे तेथे गिऱ्हाइक म्हणून जाण्यात प्रवाशांना जे कौतुक वाटले असेल, त्याचे मोल चतुर व्यापाऱ्याने अचूक ओळखले होते.

तथापि सर्वांत विलक्षण परिणाम घडला तो जाहिरातबंदीचा. मालाची जाहिरात नको, घातक अमली पदार्थ नकोत, शेजाऱ्यांना उपद्रव नको, अल्पवयीनांना प्रवेश नको आणि मोठ्या प्रमाणात विक्री नको, अशी जी पंचसूत्री दुकानांना लागू झाली, तिच्या पहिल्याच कलमामुळे मालाची यादी दर्शनी भिंतीवर झळकविण्याची सोय उरली नाही. मग कोठे यादी गल्ल्याखाली ठेवून मागितल्यावरच दाखविली जाई, तर कोठे कळ दाबली असता तेवढ्यापुरता फलक उजळे. जे बाहेर सांगता येत नाही ते आतल्या प्रकाशाने, रंगाने आणि संगीताने सांगावे, हा मार्ग त्यामुळे दुकानदाराने पत्करला. आणि विचारल्यावाचून काही कळत नसल्याने नवख्या गिऱ्हाइकास विक्रेत्याशी संभाषण करणे भाग पडले. मालाची स्तुती करण्यास मनाई असलेला विक्रेता अशा रीतीने गिऱ्हाइकाचा सल्लागार बनला.

पुढील नियमांनीही दुकानाचा अंतर्भाग असाच बदलला. १९९६ मध्ये एका व्यवहारातील विक्रीची मर्यादा ३० ग्रॅमवरून ५ ग्रॅमवर आली. २००७ मध्ये अॅमस्टरडॅमच्या कॉफीशॉपांतून मद्य हद्दपार झाले. आणि १ जुलै २००८ पासून तंबाखूच्या धूम्रपानास बंदी आल्यावर, तंबाखू मिसळून गांजा ओढणाऱ्यांसाठी निराळी बंदिस्त खोली करणे अनेकांना भाग पडले. एकाच टेबलाभोवती जमणारी मंडळी दोन दालनांत विभागली गेली.

सुशोभनाने गिऱ्हाइकास किती बांधून ठेवता येते, याची कसोटी १ मे २०१२ रोजी नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील तीन प्रांतांत लागली. तेथे कॉफीशॉपचे सभासद म्हणून नाव नोंदविल्यावाचून प्रवेश मिळेना, आणि दफ्तरात नाव चढविण्यास नाखूष असलेले पुष्कळ लोक रस्त्यावरील विक्रेत्याकडे वळले. वर्ष संपण्यापूर्वीच सरकारने ती नोंदणी मागे घेतली. मऊ आसने, मंद दिवे आणि मधुर संगीत जसेच्या तसे असूनही गिऱ्हाइक उंबऱ्यावरूनच परतले, यावरून एवढे निश्चित होते की, त्याला दुकानात आणणारी खरी वस्तू सजावट नसून निर्धास्तपणा होती, आणि तो देणे वा काढून घेणे दुकानदाराच्या नव्हे, सरकारच्या हाती होते.